सुटकेसमध्ये घर घेऊन फिरणारा गणितज्ञ

परक्या शहरात फोनची बॅटरी 5 टक्क्यांवर आली की मला घाम फुटतो. पॉल एर्डिशकडे फोन सोडाच, स्वतःचं घरही नव्हतं. तरी हा माणूस आयुष्यभर एका परिषदेतून दुसऱ्या परिषदेत फिरत राहिला.

जन्म 1913, बुडापेस्ट. आई-वडील दोघंही गणिताचे शिक्षक. त्याच्या जन्माच्या सुमारास दोन्ही मोठ्या बहिणी तापाने गेल्या, म्हणून आईने याला फार जपलं. इतकं, की 1934 मध्ये इंग्लंडला गेल्यावर ब्रेडला लोणी लावायची आयुष्यातली पहिली वेळ आली. वय 21! आजूबाजूच्यांचं बघून लावलं कसंबसं.

पुढे सामान म्हणजे एक सुटकेस, तीही अर्धी रिकामी. गणितज्ञ मित्राच्या दारात उभं राहायचं, काही दिवस मुक्काम, एखादा पेपर, की पुढचं गाव. पैसे आणि पत्रव्यवहार रोनाल्ड ग्रॅहम हा मित्र सांभाळायचा. (असा मित्र मलाही हवाय, माझ्याकडून साधं वीजबिल वेळेवर भरलं जात नाही.) असे जवळपास 1500 पेपर आणि 500 च्या वर सहलेखक झाले. त्यावरूनच एर्डिश नंबर आला: त्याच्याबरोबर पेपर लिहिला तर तुमचा नंबर 1, तशा माणसाबरोबर लिहिला तर 2. म्युच्युअल फ्रेंड्ससारखंच. आइनस्टाइनचा 2 आहे. माझा एकही पेपर नाही, म्हणजे अनंत.

1941 मध्ये अमेरिकेत दोन गणितज्ञ मित्रांबरोबर तो लाँग आयलंडवर भटकत होता. गप्पा अर्थातच गणिताच्या. त्या नादात प्रवेशबंदीची पाटी कोणालाच दिसली नाही आणि तिघं लष्करी रेडिओ केंद्राच्या आवारात शिरले, वर फोटोही काढले. एक हंगेरियन, एक जपानी, एक ब्रिटिश, आणि जगात युद्ध चालू! तिघांनाही पकडलं. एफबीआयने चौकशी करून सोडून दिलं, पण फाइल उघडली ती उघडलीच.

1954 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला गणिताची आंतरराष्ट्रीय परिषद होती. जाऊन परत येण्यासाठी परवाना हवा, म्हणून मुलाखत झाली. मार्क्सबद्दल काय वाटतं, असं विचारलं. आपल्याला त्यातलं कळत नाही, पण माणूस मोठा असावा, असं त्याने सरळ सांगितलं. कोणीही शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. त्यात एका चिनी गणितज्ञाशी पत्रव्यवहार आणि ती जुनी फाइल. परवाना नाकारला. गेलास तर परत येता येणार नाही, हे माहीत असूनही तो गेला. अमेरिकेत पुन्हा मोकळेपणाने ये-जा करायला 1963 उजाडलं. मी साधा व्हिसाचा फॉर्म भरतानासुद्धा तीनदा तपासतो. मला नसतं जमलं.

वडील युद्धाच्या काळात वारले होते, नातेवाईकांपैकी बरेच नाझींनी मारले. उरली होती आई. तिला प्रवास मुळीच आवडायचा नाही, पण मुलगा एका जागी थांबत नाही म्हटल्यावर वयाच्या 84 व्या वर्षी तीही त्याच्याबरोबर निघाली. 1971 मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत, अशाच एका दौऱ्यात, ती गेली. त्यानंतर त्याने कामाचे तास आणखी वाढवले.

20 सप्टेंबर 1996 ला तो वॉर्सामध्ये वारला. वय 83. तिथेही परिषदेलाच आला होता.