संगणकाची कोंडी सोडवणारे डाइक्स्ट्रा

जालना जिल्ह्यातील धावडा गावाजवळ एखाद्या अरुंद वाटेवर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर काय होईल? एकही गाडी मागे सरली नाही, तर दोन्ही गाड्या अडकून पडतील. संगणकातही अशीच कोंडी होते. ती टाळण्याचा उपाय एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी शोधला.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात झाला. त्यांचे वडील रसायनशास्त्र जाणत आणि आई गणितात हुशार होती. लायडन येथे शिकत असतानाच, १९५२ पासून ते अ‍ॅमस्टरडॅम येथे संगणकासाठी आज्ञावली लिहू लागले. त्या काळी या कामाला कोणी व्यवसाय मानत नसे. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी हाच व्यवसाय लिहिला, पण तो मान्य झाला नाही. अखेर त्यांना भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले. तरीही त्यांनी आपले काम सोडले नाही.

१९६२ मध्ये ते आइंडहोवन येथे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी एकाच वेळी अनेक कामे करणारी संगणक प्रणाली तयार केली. मात्र त्यात एक धोका होता. एक काम फितीचे यंत्र धरून छपाई यंत्राची वाट पाहते. दुसरे काम छपाई यंत्र धरून फितीच्या यंत्राची वाट पाहते. यंत्रे चांगली असतात, पण दोन्ही कामे कायमची थांबतात.

यावर डाइक्स्ट्रांनी बँकेचे उदाहरण घेतले. समजा, बँकेत १० हजार रुपये आहेत. दोन शेतकऱ्यांना विहिरीसाठी प्रत्येकी ८ हजार हवे आहेत. विहीर पूर्ण झाल्यावरच ते कर्ज फेडतील. बँकेने दोघांना ५-५ हजार दिले, तर तिजोरी रिकामी होईल आणि दोन्ही विहिरी अर्धवट राहतील. पहिल्याला ५ हजार दिल्यावर दुसऱ्याला २ हजारच दिले, तर ३ हजार शिल्लक राहतील. त्यातून पहिली विहीर पूर्ण होईल, पैसे परत येतील आणि मग दुसरीही होईल. संगणकानेही असाच आधी हिशेब करावा आणि मगच साधन द्यावे, असे त्यांनी दाखवले.

१९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ६ ऑगस्ट २००२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या कामाला नोंदवहीत जागा नव्हती, ते काम आज जगभर लाखो लोक करतात. कोंडी झाल्यावर धडपडण्यापेक्षा ती होण्याआधीच विचार करावा, हा धडा त्यांनी आपल्याला दिला.