वास्तुशिल्पी नरी गांधी

नरी गांधी यांचा जन्म १९३४ साली सुरतेस एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुकला शिकून ते अमेरिकेस गेले व फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुशिल्पज्ञापाशी राहिले. १९५९ साली गुरू वारले. पुढे कुंभारकामही शिकून ते स्वदेशी परतले.

कागदावर नकाशे रेखाटीत बसणे त्यांस रुचत नसे. ते थेट जागेवर जात, गवंडी-सुतारांच्या संगतीत दिवस काढीत. खंडाळा-लोणावळ्यास त्यांनी दगडविटांच्या कमानींची घरे उभारली. जाड दगडी भिंत उन्हाने सावकाश तापते, म्हणून भर दुपारीही आत गारवा राहतो. परंतु कोकणच्या दमट उकाड्यात एवढ्याने भागत नाही. तेथे वारा खेळता हवा. उष्ण हवा हलकी होऊन वर चढते; तिला उंचावरून वाट दिली की खालून थंड हवा आत येते. नरींच्या रुंद कमानी वाऱ्यास अडवीत नसत. घर कोठे संपले आणि बाग कोठे सुरू झाली, हे पाहणाऱ्यास चटकन कळतही नसे!

१९९३ साली खालापूर तालुक्यातील खोपोलीकडे जात असता मोटार-अपघातात त्यांचा अंत झाला. नकाशे मागे फारसे उरले नाहीत. ती घरे कशी बांधली, हे आता त्या घरांपाशी जाऊनच पाहावे लागते.