डोरोथिया लँग

डोरोथिया लँग यांचा जन्म २६ मे १८९५ रोजी अमेरिकेतील होबोकेन या गावी झाला. त्या सात वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. लंगडत चालण्याचे दुःख त्यांनी लहानपणीच सोसले. त्यामुळे दुसऱ्याचे दुःख त्यांना लवकर कळे.

छायाचित्रणाची कला शिकून त्या १९१८ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात आल्या. तेथे त्यांनी स्टुडिओ काढला. श्रीमंत लोक आपली छायाचित्रे काढून घेण्यासाठी येत. धंदा चांगला चालला होता. परंतु १९२९ नंतर देशात मोठी मंदी आली. लाखो लोक बेकार झाले. डोरोथियांना स्टुडिओत बसवेना. कॅमेरा घेऊन त्या रस्त्यावर आल्या. पुढे त्यांनी सरकारी खात्यासाठी गरीब शेतमजुरांची छायाचित्रे काढली. १९३६ साली काढलेले एका मजूर आईचे व तिच्या मुलांचे छायाचित्र जगभर गाजले.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नाविक तळावर हल्ला केला. त्यानंतर अमेरिकेत राहणाऱ्या जपानी वंशाच्या लोकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला. त्यामुळे सुमारे १,२०,००० लोकांना घरदार सोडून छावण्यांत कैद्यांसारखे राहावे लागले. त्यांतील बहुतेकजण अमेरिकेचेच नागरिक होते. त्यांच्यावर कोणताही खटला चालला नव्हता.

या कामाची छायाचित्रे काढण्यासाठी सरकारने डोरोथियांना नेमले. हा हुकूम त्यांना अन्यायाचा वाटत होता. तरीही त्यांनी काम स्वीकारले. कारण जे घडत होते त्याची नोंद राहणे आवश्यक होते. काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे आणि बंदूकधारी शिपाई यांची छायाचित्रे काढण्यास त्यांना मनाई होती. म्हणून त्यांनी माणसांकडे पाहिले. आपण अमेरिकन आहोत अशी मोठी पाटी दुकानावर लावणारा दुकानदार, कोटावर क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधलेली मुले, मांझानार छावणीतील धुळीने भरलेल्या बराकी, हे सारे त्यांनी टिपले. एका शाळेत छातीवर हात ठेवून राष्ट्रध्वजापुढे प्रतिज्ञा म्हणणाऱ्या मुली त्यांना दिसल्या. थोड्याच दिवसांत त्यांच्यापैकी काहींना छावणीत जावे लागणार होते.

त्यांनी अशी सुमारे ८०० छायाचित्रे काढली. ती पाहून लष्करी अधिकारी अस्वस्थ झाले. युद्ध संपेपर्यंत त्यांतील बहुतेक छायाचित्रे लोकांसमोर येऊ दिली नाहीत. काही प्रतींवर तर ती जप्त केल्याचा शेरा मारला. नंतर ती सरकारी दप्तरात पडून राहिली.

११ ऑक्टोबर १९६५ रोजी डोरोथियांचे निधन झाले. १९७२ साली त्यांतील काही छायाचित्रे एका प्रदर्शनात मांडली गेली. १९८८ साली अमेरिकन सरकारने कायदा करून या अन्यायाबद्दल माफी मागितली आणि छावणीत राहिलेल्या हयात व्यक्तींना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचे ठरवले. २००६ साली जप्त छायाचित्रांपैकी शंभराहून अधिक एका पुस्तकात छापली गेली.

त्या काळी या लोकांना देशाचे शत्रू मानणारे पुष्कळ होते. पण प्रतिज्ञा म्हणणाऱ्या त्या मुलींचे चेहरे आज जो पाहतो, त्याला खरे काय ते कोणी सांगावे लागत नाही.