बोल्ट्झमनची रजा

गेल्या वर्षी इनप्लांट ट्रेनिंग अर्ध्यावर असताना मी बावीस दिवस घरी होतो. कंपनीत आणि कॉलेजात दिलेल्या अर्जावर कारण लिहिलं होतं, टायफॉइड. परत आलो तर रूमवर मोसंब्यांची पिशवी हजर! मेसच्या मावशींनी आठवडाभर माझ्यासाठी वेगळी मऊ खिचडी टाकली. शॉपमधल्या सुपरवायझरकाकांनी तर सगळ्यांना बजावलं, याला जड काम देऊ नका. एवढं प्रेम मिळालं की मलाच लाज वाटायला लागली. कारण मला टायफॉइड झालाच नव्हता.

झालं होतं ते डिप्रेशन. झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं. व्हर्नियर हातात धरून पाच-पाच मिनिटं उभा राहायचो, पण रीडिंग काही डोक्यात शिरायचं नाही. शेवटी घरच्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं झालं, हळूहळू फरक पडला. पण अर्ज लिहायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, असलं काही कागदावर नको, उद्या प्लेसमेंटच्या आड येईल. मलाही ते पटलं.

त्याच सुमारास हीट ट्रान्सफरचा बॅकलॉग भरून काढत होतो. रेडिएशनच्या धड्यात स्टीफन-बोल्ट्झमन नियम आला. सिग्मा टी रेज टू फोर आपण सगळेच घोकतो. पण हा बोल्ट्झमन कोण, हे कधी कुणी विचारलंय का? मी लायब्ररीत सहज शोधायला गेलो आणि त्यातच अडकलो.

लुडविग बोल्ट्झमनचा जन्म व्हिएन्नातला, 20 फेब्रुवारी 1844 चा. त्या रात्री कार्निव्हलची धमाल संपून उपवासाचा काळ सुरू होत होता. आपला स्वभाव एका क्षणी आनंदात आणि दुसऱ्या क्षणी दुःखात जातो तो त्यामुळेच, असं तो पुढे गमतीने सांगायचा. वडील कर खात्यात नोकरीला होते. लुडविग पंधरा वर्षांचा असताना ते गेले. लहानपणी लिंझ गावात त्याला पियानो शिकवायला होता अँटन ब्रुकनर, म्हणजे पुढे नावाजलेला संगीतकार. पियानोची साथ त्याने जन्मभर सोडली नाही.

1866 मध्ये व्हिएन्नात जोसेफ स्टीफनच्या हाताखाली त्याने डॉक्टरेट मिळवली आणि 1869 मध्ये ग्राझ विद्यापीठात थेट प्रोफेसर झाला. वय वर्षं पंचवीस! या वयात आपल्यातले काही जण अजून एम-थ्रीच सोडवत असतात. असो. 1872 मध्ये त्याने वायूंच्या रेणूंचं प्रसिद्ध समीकरण मांडलं. 1877 मध्ये एन्ट्रॉपीचा खरा अर्थ सांगितला. एखादी स्थिती रेणूंच्या जितक्या जास्त प्रकारच्या मांडणीतून तयार होऊ शकते, तितकी तिची एन्ट्रॉपी जास्त. आपली रूम आवरलेली असण्याचे प्रकार मोजके, पसरलेली असण्याचे असंख्य, म्हणून ती पसरतेच. स्टीफनने 1879 मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून शोधलेला रेडिएशनचा नियम याने 1884 मध्ये थर्मोडायनॅमिक्समधून सिद्ध करून दाखवला. म्हणून ते जोडनाव.

घरही छान होतं. 1876 मध्ये त्याने हेन्रिएटाशी लग्न केलं. तिला गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण मुलगी म्हणून विद्यापीठाने वर्गात बसायला नकार दिला होता. त्या निर्णयाविरुद्ध दाद मागायचा सल्ला तिला दिला तो बोल्ट्झमननेच.

मग 1885 मध्ये आई गेली आणि त्याचं मन खचायला सुरुवात झाली. 1887 मध्ये तो ग्राझ विद्यापीठाचा रेक्टर झाला. (होस्टेलचे रेक्टर नव्हेत. तिकडे रेक्टर म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंसारखं पद!) जबाबदारीचा ताण वाढला. 1888 मध्ये बर्लिनने त्याला बोलावलं, कीर्शहॉफच्या जागेवर. भौतिकशास्त्रातली त्या वेळची ही मोठी मानाची खुर्ची. त्याने होकार दिला, नेमणूकही झाली. आणि मग त्याने मला यातून मोकळं करा म्हणून विनंती केली. कारण पुढे केलं डोळे अधू असल्याचं.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. माझा टायफॉइड आठवला.

त्याचे डोळे खरंच अधू होते, तेव्हा कारण खोटं नव्हतं. पण त्याला आतून पोखरत होतं ते वेगळंच. डोळ्यांचं दुखणं लिहिता येतं, मनाचं लिहिताना हात अडतो. 1888 च्या ग्राझमध्येही तसंच आणि आमच्या ट्रेनिंगच्या कंपनीतही तसंच.

पुढच्याच वर्षी त्याचा अकरा वर्षांचा मुलगा ॲपेंडिक्सने गेला. आजाराचं निदान वेळेवर झालं नाही, आणि आपल्याला ते कळायला हवं होतं म्हणून बोल्ट्झमन स्वतःलाच दोष देत राहिला. नंतर 1890 मध्ये तो म्युनिकला गेला, 1894 मध्ये व्हिएन्नाला, 1900 मध्ये लाइपझिगला आणि 1902 मध्ये पुन्हा व्हिएन्नाला. जागा बदलली की बरं वाटेल असं वाटायचं, थोडे दिवस वाटायचंही, मग पुन्हा तेच.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. लाइपझिगला ओस्टवाल्ड होता. अणू-रेणू ही नुसती कल्पना आहे असं म्हणणारा हा माणूस. 1895 मध्ये ल्यूबेकच्या परिषदेत दोघांची जोरदार खडाजंगी झाली होती. तरी बोल्ट्झमनला लाइपझिगला आणलं ते याच ओस्टवाल्डने! मतं जुळत नसतानाही सहकारी म्हणून धरून ठेवणं ते हेच.

व्हिएन्नानेही त्याची जागा भरली नव्हती, रिकामी ठेवली होती. परत घेताना मात्र पुन्हा ऑस्ट्रिया सोडून जाणार नाही असं वचन लिहून घेतलं. म्हणजे माणूस पळून जाऊ नये याची काळजी होती. तो सारखा का निघून जातो, हे समजून घेऊन त्यावर उपाय करण्याची सोय त्या काळी फारशी नव्हती. औषधंही आजच्यासारखी नव्हती.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की अणूवाद कुणी मानला नाही म्हणून बोल्ट्झमन खचला आणि गेला. मला हे पटत नाही. विरोधाचा त्याला त्रास होत असणारच. पण 1903 मध्ये तो तत्त्वज्ञानावर बोलायला उभा राहिला तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लीझ माइटनर त्याची विद्यार्थिनी. त्याची लेक्चर्स ती म्हातारपणीही विसरली नाही. 1905 च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियात बर्कलेला शिकवून आला आणि त्या प्रवासावर त्याने धमाल विनोदी लेख लिहिला. मान होता, नोकरी होती, प्रेम करणारं घर होतं. आजार काही बायोडेटा बघून येत नाही. नऊ पॉइंटरवाल्यालाही येतो आणि के.टी.वाल्यालाही येतो.

1906 च्या मे महिन्यात त्याला शिकवण्यातून मोकळीक मिळाली. आजाराचं तेव्हाचं नाव न्यूरास्थेनिया, म्हणजे मज्जातंतूंचा थकवा. उन्हाळ्यात कुटुंबाबरोबर तो ट्रिएस्टजवळ ड्युइनो या समुद्रकाठच्या गावी गेला. तिथे 5 सप्टेंबर 1906 रोजी त्याने आपलं जीवन संपवलं. वय 62. दोन-तीन वर्षांतच फ्रान्समध्ये पेरँने केलेल्या प्रयोगांनी अणू-रेणूंचं अस्तित्व पक्कं केलं आणि ओस्टवाल्डनेही ते जाहीरपणे मान्य केलं. व्हिएन्नात त्याच्या समाधीवर आज एस बरोबर के लॉग डब्ल्यू हे सूत्र कोरलेलं आहे. 2019 पासून तर केल्व्हिन या एककाची व्याख्याच त्याच्या नावाच्या स्थिरांकावर केली जाते.

आता विचार करा. मुलाखतीला बसलेल्या पॅनलने या माणसाची फाइल बघून मानसिक आजार म्हणून नापास केलं असतं, तर नुकसान कुणाचं झालं असतं? तो आजारी असतानाही काम करत होता, आणि कामाबरोबर त्याला उपचारांची आणि आधाराची गरज होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवा म्हणतो. मेडिक्लेममध्येसुद्धा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416, पैसे पडत नाहीत. रात्री तीन वाजता रूममध्ये गुदमरायला झालं तर हा नंबर लावा, नाहीतर शेजारच्या रूमची कडी वाजवा. पण कायदा आणि नंबर आपल्या जागी. रजेच्या अर्जावर खरं कारण लिहायला धीर मिळतो तो आजूबाजूच्या माणसांकडून.

मी परवा सुपरवायझरकाकांना फोन करून खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्यांच्या भावालाही असंच झालं होतं आणि त्यांनीही सगळ्यांना कावीळ सांगितली होती. आम्ही दोघंही हसलो. मग बराच वेळ बोललो.

तेव्हा मित्रांनो, हा लेख म्हणजे माझा सुधारित रजेचा अर्ज समजा. आणि पुढच्या वेळी कुणी असा बावीस दिवसांनी परत आला, तर त्याच्यासाठी मोसंबी आणा. टायफॉइड नसला तरी.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी