कै. गोपाळ गणेश आगरकर

भोर येथे १९४८ पर्यंत पंत सचिवांचे संस्थान होते, व संस्थानी अमलाच्या गोष्टी भोर-वेल्ह्याकडील आमच्या वाचकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकिल्या असतील. अशाच एका संस्थानाच्या कारभाऱ्याविरुद्ध लेखणी उचलून जे तुरुंगात गेले, त्या संपादकाचे चरित्र आम्ही आज सादर करितो.

गोपाळराव आगरकर यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यात झाला. घरची अत्यंत गरिबी. तशाही स्थितीत ते पुण्यास एम. ए. झाले, आणि सरकारी नोकरीचा मोह सोडून अल्प वेतनावर शिक्षकाचा पेशा त्यांनी पत्करिला. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला, त्याचे ते पहिले संपादक होत. त्याच्याच जोडीच्या ‘मराठा’ या इंग्रजी पत्राचे संपादक बाळ गंगाधर टिळक होते.

त्या सुमारास कोल्हापूरच्या गादीवरील तरुण दत्तक महाराजांचा छळ होतो, व त्याच्या मुळाशी कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा बोभाटा झाला. बर्वे यांची म्हणून काही पत्रे पुढे आली. त्यांवर विसंबून दोन्ही पत्रांनी कारभाऱ्यावर कडक टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि कोर्टात ती पत्रे बनावट ठरली! संपादकांनी माफी मागितली. तथापि १७ जुलै १८८२ रोजी दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरास सुटले.

या संकटात जोतीराव फुले यांनी खटपट केली, व त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन भरिला. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. उभयतांचे मार्ग भिन्न होते, तरी संकटसमयी मतभेद आड आला नाही.

पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी ते महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मृत्यू पावले. यावरून संपादकांची कळकळ निराधार नव्हती हे दिसते. कळकळ खरी, पण हाती धरिलेला पुरावा खोटा. म्हणून शिक्षा झाली.

तुरुंगातून आल्यावर आगरकरांची लेखणी थांबली नाही. मतभेदामुळे १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडिला, व १८८८ साली ‘सुधारक’ काढून बालविवाह, विधवांचे केशवपन इत्यादि दुष्ट रूढींवर प्रहार केले. विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढिली. फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपाल असता, दम्याने जर्जर होऊन, १७ जून १८९५ रोजी अवघ्या अडतिसाव्या वर्षी ते वारले.

आगरकर ख्रिस्ती नव्हते. ईश्वराविषयीही त्यांचे मन साशंक होते. तरी त्यांच्या चरित्रापासून आम्हांस बोध घेण्यासारखा आहे. गावात कोणी अधिकारी लाच घेत असेल, किंवा मंडळीच्या फंडात अफरातफर होत असेल, तर भयाने मूग गिळून बसणे हे पाप होय. परंतु ऐकीव गोष्टीवरून कोणाची अब्रू घेणे हाही नवव्या आज्ञेचा भंगच होय. म्हणून उपदेशक बंधूंनो, कागद हाती आला तर तो कोणी लिहिला हे आधी शोधा, दोघां-तिघां साक्षीदारांस विचारा, ज्याच्यावर आरोप आहे त्याचेही ऐका. आणि मग जे खरे ठरेल ते निर्भयपणे बोला.