थिओडोर कोखर : गलगंडाच्या शस्त्रक्रियेचा धडा

अनेक घरांत कुणा ना कुणाच्या उशाशी थायरॉईडच्या गोळ्यांची छोटी बाटली असते. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी एक गोळी, मग अर्धा-पाऊण तास काही खायचे-प्यायचे नाही. थायरॉईड ग्रंथी शरीरात नेमके काय काम करते, हे कळल्याशिवाय ही गोळी तयार होणे शक्य नव्हते. आणि ते कळले ग्रंथी काढून टाकलेल्या रुग्णांकडे पाहून. हे रुग्ण होते स्वित्झर्लंडमधील बर्न शहरातले शल्यविशारद थिओडोर कोखर यांचे.

कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्नमध्ये झाला. वडील अभियंते, आई धर्मपरायण, घरातले वातावरण शिस्तीचे. १८६५ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी युरोपातील मोठमोठ्या शल्यविशारदांचे काम जवळून पाहिले. १८७२ मध्ये बर्न विद्यापीठातील शल्यचिकित्सेच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली. विद्यापीठाच्या मंडळींना त्या जागी जर्मनीतला नामवंत हवा होता. विद्यार्थी आणि गावकरी मात्र कोखर यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारने लोकांचे ऐकले आणि वयाच्या ३१ व्या वर्षी कोखर प्राध्यापक झाले. पुढे इतर मोठ्या विद्यापीठांतून बोलावणी आली, पण त्यांनी बर्न सोडले नाही.

बर्नमध्ये शल्यविशारदाला गलगंडाचे रुग्ण शोधायला जावे लागत नव्हते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी बसलेली थायरॉईड ग्रंथी फुगली, की तिला गलगंड म्हणतात. (गंडमाळ वेगळी. त्यात मानेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी होतात आणि त्यांचे कारण बहुतेकदा क्षय असते.) ग्रंथीला आपले काम करायला आयोडीन लागते. आल्प्सच्या डोंगराळ भागातल्या मातीतले आयोडीन हिमनद्या आणि पाण्याच्या प्रवाहांनी हजारो वर्षे धुऊन नेलेले. जमिनीत नाही म्हणून धान्यात, दुधात, पाण्यातही नाही. मग कमी आयोडीनमध्ये भागवण्यासाठी ग्रंथी आकाराने वाढत जाते. गलगंड काहींचा लिंबाएवढा, तर काहींचा इतका मोठा, की श्वासनलिका दाबली जाऊन रात्री झोपेत जीव गुदमरावा.

अशा रुग्णावर शस्त्रक्रिया करायची म्हणजे जिवाशी खेळ होता. या ग्रंथीला रक्तपुरवठा भरपूर. चाकू लागला की रक्ताचे पाट वाहायचे. रक्तस्रावातून वाचलेला रुग्ण जंतुसंसर्गाने दगावायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण मरत. त्यामुळे पुष्कळ डॉक्टर गलगंडाला हातच लावत नसत.

कोखर यांनी ही भीती घालवली ती घाई टाकून. भूल नसलेल्या जुन्या काळात शल्यविशारदाचे कौशल्य मिनिटांत मोजले जाई आणि ती सवय भूल आल्यावरही अनेकांच्या हातात राहिली होती. कोखर सावकाश काम करत. एकेक रक्तवाहिनी शोधायची, चिमट्यात धरायची, बांधायची, मग कापायची. टोकाला दात असलेला त्यांचा चिमटा आजही शस्त्रक्रियागृहात ‘कोकर्स’ या नावाने मागितला जातो. लिस्टर यांची जंतुनाशकांची पद्धत त्यांनी काटेकोरपणे पाळली. स्वरयंत्राकडे जाणारी नाजूक चेता ग्रंथीच्या मागून जाते, ती दुखावली तर आवाज बसतो; तिलाही ते जपत. मृत्यूचे प्रमाण १८८३ पर्यंत सुमारे १३ टक्क्यांवर आले होते. पुढे ते एका टक्क्याच्याही खाली गेले.

हात इतका सफाईदार झाल्यावर ग्रंथीचा थोडा भाग मागे ठेवण्याचे कारण उरले नाही. शिल्लक भाग पुन्हा फुगेल, मग पुन्हा शस्त्रक्रिया. त्यापेक्षा सगळीच काढलेली बरी. शिवाय या ग्रंथीचे शरीरात काय काम आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. जखम स्वच्छ भरायची, गळा मोकळा व्हायचा, रुग्ण पायी घरी जायचा. वहीत ‘बरा झाला’ अशी नोंद व्हायची.

१८७४ च्या जानेवारीत कोखर यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची पूर्ण ग्रंथी काढली होती. काही काळाने तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळवले, की शस्त्रक्रियेपासून मुलीचा स्वभाव बदलला आहे. कोखर यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यानंतर आठ वर्षे गेली. १८८२ मध्ये जिनिव्हाचे शल्यविशारद जॅक-लुई रेव्हर्दाँ यांनी त्यांना सांगितले, की पूर्ण ग्रंथी काढलेले आपले काही रुग्ण नंतर अशक्त आणि मंद झाले आहेत. आता मात्र कोखर यांनी त्या मुलीला बोलावून पाहिले. तिला एक धाकटी बहीण होती. दोघी पूर्वी इतक्या सारख्या दिसत, की लोकांचा घोटाळा व्हायचा. आता धाकटी वयात आलेली, टवटवीत तरुणी झाली होती. थोरली ठेंगणीच राहिली होती. चेहरा सुजलेला, नजर मंद, बुद्धीची वाढ थांबलेली.

कोखर यांनी आपल्या सगळ्या जुन्या गलगंड रुग्णांना तपासणीला बोलावले. तक्रार घेऊन कुणी आले नव्हते. वहीप्रमाणे तर सगळे बरेच झाले होते. तरी पूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी १८ जण तपासायला मिळाले आणि त्यांतले १६ आजारी निघाले. सतत थकवा, बोलणे आणि चालणे संथ, थंडी सोसेना, त्वचा कोरडी, केस विरळ, चेहरा आणि हातपाय सुजल्यासारखे, लहान मुलांची उंची खुंटलेली. ज्यांच्या ग्रंथीचा काही भाग मागे राहिला होता, ते ठणठणीत होते. चांगल्या राहिलेल्या उरलेल्या दोघांतही ग्रंथीचा अंश शिल्लक असल्याचे दिसले.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांची परिषद भरली होती. तिथे कोखर यांनी आपल्या १०१ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. कमी झालेल्या मृत्यूंच्या आकड्यावर थांबता आले असते. त्यांनी या रुग्णांचे काय झाले, तेही सविस्तर सांगितले आणि पूर्ण ग्रंथी यापुढे काढायची नाही, अशी भूमिका घेतली. हा शोध आधी कुणाचा, यावरून त्यांचा आणि रेव्हर्दाँ यांचा पुढे वाद झाला. त्यात कोखर फार मोठ्या मनाने वागले असे म्हणता येत नाही.

कारण ओळखण्यातही ते प्रथम चुकले. शस्त्रक्रियेनंतर श्वासनलिका अरुंद होते, प्राणवायू कमी पडतो आणि त्यामुळे हे होते, असा त्यांचा तर्क होता. लंडनच्या फेलिक्स सेमन यांनी त्याच वर्षी सुचवले, की मोठ्या माणसांत आढळणारा मिक्सिडिमा, डोंगरी भागात जन्मतःच वाढ खुंटलेली मुले आणि कोखर यांचे रुग्ण, या तिन्हींचे मूळ एकच आहे : थायरॉईड नसणे किंवा ती काम न करणे. सुरुवातीला त्यांची चेष्टा झाली. लंडनमध्ये नेमलेल्या समितीने १८८८ च्या अहवालात मात्र तेच खरे ठरवले. १८९१ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क मिक्सिडिमाच्या एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. आजच्या गोळीची सुरुवात ती.

अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. व्हिएन्नाचे थिओडोर बिलरोथ हेही गलगंडाच्या शस्त्रक्रिया करत. त्यांच्या रुग्णांना थायरॉईडच्या अभावाचा त्रास क्वचित होई, पण हातापायांना पेटके येत. बिलरोथ यांचा हात वेगवान. ग्रंथीचे तुकडे मागे राहत, पण तिच्या पाठीमागच्या, रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या इवल्याशा पॅराथायरॉईड ग्रंथींना इजा होई. कोखर यांच्या रुग्णांच्या त्या ग्रंथी सुखरूप राहत आणि थायरॉईडचा मात्र कणही उरत नसे. जितका हात सफाईदार, तितके नुकसान पुरे.

आज कर्करोगासारख्या कारणासाठी पूर्ण थायरॉईड काढावी लागते आणि ती निर्धास्तपणे काढता येते, कारण तिचे काम गोळी करते. म्हणूनच अशा शस्त्रक्रियेनंतर ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी मनाने बंद करायची नसते. गोळी सुटली, की कोखर यांच्या रुग्णांना झाली तीच लक्षणे काही आठवड्यांत हळूहळू दिसू लागतात. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, पेटके आले, तर कॅल्शियम तपासून घ्यावे. अर्धी ग्रंथी काढलेल्या अनेकांना गोळी लागतही नाही. ते रक्तातील टीएसएचच्या तपासणीवरून ठरते.

कोखर यांनी आयुष्यात ५,००० हून अधिक गलगंड शस्त्रक्रिया केल्या. निखळलेला खांदा बसवण्याची त्यांची रीत १८७० ची. १९०९ मध्ये थायरॉईडवरील कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. जुलै १९१७ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेली असताना, एका संध्याकाळी तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना रुग्णालयातून बोलावणे आले. शस्त्रक्रिया झाली, पण त्यांनाच बरे वाटेनासे झाले. २७ जुलै रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९२२ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये मिठात आयोडीन मिसळायला सुरुवात झाली आणि नव्या पिढीतल्या मुलांचे गळे फुगणे हळूहळू थांबले. भारतात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा परिणाम दाखवून दिला; राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. ते मीठ डबा उघडा ठेवला किंवा दमट जागी राहिले, तर त्यातले आयोडीन उडून जाते. झाकण घट्ट लावावे आणि मीठ शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर घालावे.