स्वतःचंच काम मोडीत काढणारा इंजिनियर: मार्कोनी

मी अंजनगाव सुर्जीचा. आमच्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते एका तहामुळे. अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला, तो इथे. त्या तहाची बातमी लंडनला पोचायला काही महिने लागले, कारण शेवटी ती समुद्रमार्गेच जायची होती. पुढे १९२७ मध्ये पुण्याजवळच्या खडकीहून लंडनसाठी पाठवलेला संदेश हवेतून, डोळ्याची पापणी लवायच्या आत इंग्लंडात पोचू लागला.

हे ज्याच्यामुळे झालं त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे: गुग्लिएल्मो मार्कोनी. रेडिओचा शोध त्याने लावला, एवढं आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे जातो. मला मात्र त्याच्या आयुष्यातला दुसराच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या तंत्रावर तो मोठा झाला, तेच तंत्र त्याने पन्नाशीत बाजूला ठेवलं.

सुरुवात

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. वडील जमीनदार, आई आयरिश. विद्यापीठाची पदवी नाही. विद्युतचुंबकीय लहरी असतात हे हर्ट्झने आधीच दाखवलं होतं. मार्कोनीने १८९५ मध्ये घराजवळच्या टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटरवर सिग्नल पोचवला. पोचल्याची खूण म्हणून पलीकडून बंदुकीचा बार काढला गेला.

इटलीत फारसा प्रतिसाद मिळाला नाही म्हणून तो १८९६ मध्ये लंडनला गेला. तिथे पेटंट घेतलं, १८९७ मध्ये कंपनी काढली. १२ डिसेंबर १९०१ ला इंग्लंडमधल्या पोल्डूहून निघालेला सिग्नल अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला ऐकू आल्याचं त्याने जाहीर केलं. तिथली अँटेना म्हणजे पतंगाला बांधलेली तार होती! १९०९ मध्ये त्याला ब्राउनबरोबर नोबेल मिळालं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १९०१ च्या प्रयोगात जो पाऱ्याचा डिटेक्टर वापरला, त्याचं मूळ आपल्या जगदीशचंद्र बोस यांच्या कामात आहे, असं काही संशोधकांनी दाखवलं आहे. एकट्या माणसाने रेडिओ शोधला, असं म्हणणं मला पटत नाही.

मोठ्या लहरींचा काळ

आता थोडं तंत्र समजून घेऊ. लहर जितकी लांब, तितकी तिची फ्रिक्वेन्सी कमी. तुमच्या फोनच्या ९०० मेगाहर्ट्झच्या ४जी सिग्नलची एक लहर साधारण ३३ सेंटीमीटरची असते, म्हणजे जवळपास शाळेच्या फूटपट्टीएवढी. मार्कोनीने सुरुवातीला लहान लहरीच वापरल्या होत्या, त्याही वाटीसारख्या परावर्तकाने एका दिशेला वळवून. पण अंतर वाढवायचं तर लहर लांब हवी, असं प्रयोगांतून दिसू लागलं. मग त्याच्यासह सगळं जग लांब लहरींकडे वळलं.

या लहरींची लांबी हजारो मीटर. त्यासाठी उंच खांबांच्या रांगा लागायच्या, स्वतंत्र वीजघर लागायचं. सुरुवातीला लहर तयार व्हायची ती प्रचंड ठिणगी पाडून. ती यंत्रं सांभाळणाऱ्या इंजिनियरांची एक पिढीच तयार झाली. आवाजावरून यंत्राचा बिघाड ओळखणारी ही माणसं. मग व्हॉल्व्ह आले. काचेच्या छोट्या नळीने ठिणगीचं काम संपवलं आणि त्या पिढीला पुन्हा शिकायला बसावं लागलं.

व्हॉल्व्हमुळे आणखी एक बदल झाला. आता आवाजही पाठवता येऊ लागला. १५ जून १९२० ला चेम्सफर्डच्या मार्कोनी कारखान्यातून नेली मेल्बा या गायिकेचं गाणं हवेत सोडलं गेलं. १९२२ मध्ये रिटल गावातल्या एका साध्या झोपडीतून कंपनीच्या इंजिनियरांनी दर आठवड्याला कार्यक्रम सुरू केला. त्यांचं मूळ काम विमानांसाठी रेडिओ बनवण्याचं. त्यांच्यातला पीटर एकर्स्ली पुढे बीबीसीचा पहिला मुख्य इंजिनियर झाला. 'ब्रॉडकास्ट इंजिनियर' हा पेशा असा कामातूनच उभा राहिला. तो शिकवणारं कॉलेज तेव्हा नव्हतं.

मागे वळून पुढे

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, मार्कोनी पुन्हा लहान लहरींकडे वळला. सोबतीला चार्ल्स फ्रँकलिन हा त्याचा इंजिनियर. १९२३ मध्ये तो 'एलेत्रा' या आपल्या बोटीवर अँटेना लावून केप व्हर्दे बेटांपर्यंत गेला. पोल्डूहून ९७ मीटरची लहर पाठवली जात होती. वीज कमी कमी करत नेली तरी रात्री सिग्नल खणखणीत यायचा. १९२४ मध्ये लहर ३० मीटरच्या आसपास आणली, तर भर दिवसाही हजारो किलोमीटर पल्ला मिळाला.

याचं कारण आपल्या डोक्यावर आहे. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित कणांचा थर असतो, त्याला आयनोस्फिअर म्हणतात. शॉर्टवेव्ह तिथून वळून खाली येते, जमिनीवरून पुन्हा वर जाते, आणि अशा टप्प्याटप्प्याने जगाला वळसा घालते.

तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात लांब लहरींच्या अवाढव्य केंद्रांची साखळी बांधायची योजना चालली होती. ती मार्कोनीच्याच जुन्या तंत्रावरची. बांधकाम मिळालं असतं तर कंपनीला पैसा मिळाला असता. पण १९२४ मध्ये त्याने सरकारला सांगितलं की शॉर्टवेव्हचा झोत वापरा, खर्च आणि वीज कितीतरी कमी लागेल. करार कडक होता: मिनिटाला १०० शब्द गेले पाहिजेत, कसोटीत उतरलं नाही तर केंद्र नाकारलं जाणार. आणि असं एकही व्यावसायिक केंद्र तोवर कुठे चाललेलं नव्हतं. कंपनीची अब्रू पणाला लागली होती.

ते चाललं. १९२६ मध्ये कॅनडा, १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत जोडले गेले. आपल्याकडे ट्रान्समीटर खडकीला आणि रिसीव्हर दौंडला होता. मध्ये इतकं अंतर का? शेजारी ट्रान्समीटर गरजत असेल तर दुरून आलेला क्षीण सिग्नल ऐकू येत नाही, म्हणून. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं.

बदल कोणालाच सोडत नाही

शॉर्टवेव्ह इतकी स्वस्त पडली की समुद्राखालच्या तारांच्या कंपन्या अडचणीत आल्या. शेवटी १९२९ मध्ये तारवाले आणि बिनतारीवाले एकत्र केले गेले, आणि त्यात मार्कोनीच्या कंपनीचा दूरसंदेशाचा धंदाही गेला.

माणूस म्हणून मार्कोनी निष्कलंक नव्हता. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला आणि मुसोलिनीच्या राजवटीत मानाची पदं भूषवली. २० जुलै १९३७ ला रोममध्ये तो वारला, तेव्हा अनेक देशांतली रेडिओ केंद्रं दोन मिनिटं गप्प राहिली.

त्यानंतरची गंमत बघा. खडकी-दौंडचा कारभार १९४७ मध्ये सरकारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे गेला, १९८६ मध्ये तिची व्हीएसएनएल झाली. आणि आज परदेशी सर्व्हरवरचा व्हिडिओ तुम्ही उघडता, तेव्हा तो बहुतेक वेळा समुद्राखालच्या फायबर केबलनेच मुंबईला येतो. म्हणजे हरलेली केबल काचेचा धागा होऊन जिंकली. बिनतारी उरला तो टॉवरपासून तुमच्या हातापर्यंतचा शेवटचा टप्पा.

आजही तेच चालू आहे. दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग टॉवर देशात जवळपास सगळीकडे बंद झाले. आकाशवाणीतले मीडियम वेव्हवाले एफएम आणि अ‍ॅप शिकत आहेत. वऱ्हाडातल्या गावागावांत केबल टीव्हीचं काम करणारी पोरं आता घरोघरी फायबर जोडतात. याला जुळवून घेणं सोपं नसतं. वय वाढतं, पगार तोच राहतो, आणि काल आलेला पोरगा आपल्याला शिकवतो.

पण त्यांच्या हातातलं मीटर बघा. आधी तांब्याच्या वायरमध्ये सिग्नल किती डेसिबलने पडला ते मोजायचे, आता फायबरमध्ये प्रकाश किती डेसिबलने पडला ते मोजतात. कनेक्टर बदलला, मशीन बदललं, पण सिग्नल कुठे गळतोय हे टप्प्याटप्प्याने शोधायची रीत तीच राहिली. मार्कोनीही १९१६ मध्ये नव्या कामाला लागला तो १८९५ ची जुनी समज घेऊनच. म्हणून या क्षेत्रात यायचं असेल तर यंत्राच्या मॉडेलआधी सिग्नल शिका. मॉडेल तर तुमच्या डोळ्यांदेखत चार वेळा बदलणारच आहे.